मागणे नसलेली प्रार्थना



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा काही मित्रांनी मला वाटेत थांबवून विचारले, "काय हो, युनियनचे काम सोडून कीर्तनाला लागलात की काय?" प्रश्न रास्त आहे. ज्याचा सारा जन्म गेट मीटिंगमध्ये, वाटाघाटींत आणि लेबर कोर्टाच्या पायऱ्यांवर गेला, त्याने ख्रिस्ती धर्मातील आराधनेवर बोलावे हे थोडे विचित्रच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा म्हणजे युनियनची कचेरी आणि गावचे वाचनालय. मी जन्माने ख्रिस्ती नाही, व्रताने नाही, आणि कोणाला तसे व्हा म्हणून सांगण्यासाठी आलेलो नाही. परंतु विषय मी आपणहून निवडला, आणि त्याचे कारण माझ्या धंद्यातच आहे.

माझा धंदा मागण्याचा. पगारवाढ, महागाई भत्ता, बोनस, कंत्राटी कामगाराला कायम करणे, अपघातात हात गेलेल्याला भरपाई. मागणीपत्र लिहिण्यात माझी उमेद गेली. आणि एक दिवस माझ्या ध्यानात आले की, माणसे देवासमोर उभी राहतात तेव्हा त्यांच्याही हातात बहुधा मागणीपत्रच असते. पोराला नोकरी लागू दे, मुलीचे जमू दे, दुखणे जाऊ दे. नवस हा तर सरळ सरळ करारच आहे : तू हे दे, मी ते देईन. यात हसण्यासारखे काही नाही. ज्याच्याजवळ नाही, तो मागणारच. पण माझ्या मनात प्रश्न आला तो असा की, सगळ्या मागण्या बाजूला ठेवल्या तर देव आणि माणूस यांच्यामध्ये काही शिल्लक राहते का?

ख्रिस्ती परंपरा या प्रश्नाला 'होय' असे उत्तर देते, आणि जे शिल्लक राहते त्याला ती आराधना म्हणते. प्रार्थनेचे प्रकार त्या धर्मात अनेक सांगितले आहेत. याचना आहे, उपकारस्मरण आहे, पापांची कबुली आहे, दुसऱ्यासाठी केलेली रदबदली आहे. पण या सर्वांच्या आधी आराधना. 'तू मला काय दिलेस' हा तिचा विषयच नव्हे. 'तू आहेस' एवढ्यावरच ती थक्क होते. आई झोपलेल्या मुलाकडे बघत बसते, त्या वेळी तिला त्याच्याकडून काही हवे असते काय? ते असते, म्हणून ती बघते. तशातलेच हे.

येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तिची बांधणी पाहा. मागणीपत्र लिहिणाऱ्याच्या नजरेने मी ती पाहिली, म्हणून मला ती विशेष वाटली. भाकरीची मागणी तिच्यात आहे, पण ती पहिली नाही, दुसरी नाही, तिसरीही नाही. ती चौथी आहे. आधीची तिन्ही वाक्ये देवाकडे तोंड करून आहेत : त्याच्या नावाचे पावित्र्य, त्याचे राज्य, त्याची इच्छा. पोट विसरलेले नाही, परंतु डोळे आधी वर गेले आहेत. आणि भाकरी मागायची वेळ येते तेव्हा ती 'मला' म्हणून मागितलेली नाही, 'आम्हांला' म्हणून मागितली आहे. युनियनच्या माणसाला या अनेकवचनाची किंमत कोणी वेगळी सांगायला नको!

आता हा विषय आपल्या मुलखाला परका आहे असे कोणी समजू नये. या विस्मयाचे मूळ ख्रिस्ती धर्माहूनही जुने, यहुदी धर्मातले. आणि यहुदी लोक तर आपल्या अलिबाग-पेणच्या पट्ट्यात शतकानुशतके नांदले. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की, त्यांचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटून आले. ग्रंथ गेले, भाषा गेली. गावोगाव ते तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. इतके सगळे हरवले तरी एक प्रार्थना त्यांच्या ओठांवर राहिली, ती म्हणजे 'शमा'. तिच्या पहिल्या वाक्यात काहीही मागितलेले नाही. देव एकच आहे, एवढेच त्यात ऐकवले आहे. पुढे १९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली; पेण, अलिबाग, रेवदंडा येथील त्यांची प्रार्थनामंदिरे मात्र त्यांची आठवण देत आहेत. विचार करण्यासारखी गोष्ट ही की, बुडत्या जहाजातून माणसांनी काय वाचवले? मागणे नसलेली एक प्रार्थना आणि कामाला सुट्टी असलेला एक दिवस. या सुट्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

याच यहुदी लोकांची स्तोत्रसंहिता ख्रिस्ती उपासनेचा कणा बनली. तिच्यात एकूण १५० स्तोत्रे आहेत. रडणे आहे, तक्रार आहे, शत्रूला शापही आहेत. पण शेवटच्या पाच स्तोत्रांत मागणे जवळजवळ नाहीसे होऊन नुसते स्तवनच उरते, आणि अखेरच्या स्तोत्रात तर शिंग, वीणा, डफ, झांजा असा सगळा ताफाच उभा आहे. आठव्या स्तोत्रात कवी रात्रीच्या आभाळाकडे पाहतो, चंद्र-तारे पाहतो, आणि त्याला नवल वाटते की, एवढ्या अफाट पसाऱ्यात माणसासारख्या क्षुद्राची आठवण कोणी का ठेवावी! आणि तरी त्या माणसाला केवढा मान दिला आहे! आकाशापुढे माणूस लहान होतो, पण तुच्छ होत नाही. ही दोन टोके एकत्र धरणे हीच या आराधनेची खूण.

रुडॉल्फ ऑटो या जर्मन पंडिताने १९१७ साली या पवित्रतेच्या अनुभवावर एक ग्रंथ लिहिला, तो पुढे जगभर गाजला. त्यापूर्वी १९११ मध्ये मोरोक्कोतील एका साध्या सिनेगॉगमध्ये त्याने 'पवित्र' या शब्दाचा तिहेरी घोष ऐकला होता आणि तो हादरून गेला होता. हा घोष यशया संदेष्ट्याच्या दर्शनातला. कॅथलिक चर्चमध्ये प्रत्येक मिस्साबलिदानात तो म्हटला जातो. ऑटोचे म्हणणे थोडक्यात असे की, धर्माचे बीज नीतिनियमांत किंवा तर्कात सापडत नाही. ते भय आणि ओढ यांच्या मिश्रणातून उगवते. समुद्र प्रथमच पाहणारे मूल आईला बिलगते आणि लाटेकडे धावतेही, तसे.

मराठी भाषेत ही आराधना प्रथम मोठ्या रूपाने अवतरली ती फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'त. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि पुढली सुमारे चाळीस वर्षे तिकडेच, मुख्यतः सासष्टीत, राहिला. १६१६ मध्ये रायतूर येथे त्याचा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. जवळजवळ अकरा हजार ओव्या! आरंभी परमेश्वराला वंदन, पुढे कथा, हा आपल्या पुराणकारांचाच शिरस्ता त्याने पाळला. मराठी भाषेची त्याने केलेली स्तुती तर शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. परदेशी माणूस एका भाषेच्या सौंदर्याने थक्क होतो आणि तेच थक्क होणे देवापुढे ठेवतो, हे मला मोठे वाटते.

परंतु इतिहास सांगायचा तर अर्धा सांगू नये. त्याच सासष्टीत त्याच काळात देवळे पाडली जात होती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचा अंमल होता. १५८३ मध्ये कुंकळ्ळीस पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांना ठार करण्यात आले. मग या उपासनेचे काय? माझे उत्तर असे. सत्ता गुडघे टेकायला लावू शकते, मान वाकवायला लावू शकते; विस्मय मात्र तिला वसूल करता येत नाही. जुलमाने करवलेली प्रार्थना म्हणजे कोऱ्या कागदावर घेतलेला अंगठा. पोर्तुगीज १७४० मध्ये चौल-रेवदंडा सोडून गेले. त्यांच्या तोफा थंड झाल्या, तरी कुंडलिकेच्या मुखाशी, कोर्लईच्या किल्ल्याखाली ख्रिस्ती कोळ्या-शेतकऱ्यांचे गाव टिकले. त्यांची पोर्तुगीज-मराठी मिश्रणाची बोली टिकली, आणि माउंट कार्मेलच्या मातेचे चर्च टिकले. रोह्याजवळून जे पाणी वाहते तेच पुढे त्या गावाशी समुद्राला मिळते. सत्ता गेल्यावर जी उपासना उरली, ती त्या लोकांची स्वतःची.

आता मी ज्यांच्यासाठी हा विषय घेतला त्यांच्याकडे येतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक. कोकणातल्या करजगावचा हा ब्राह्मणाचा मुलगा. १८९३ च्या सुमारास आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती 'नवा करार' दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते येऊन थांबले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आप्त तुटले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. त्या सगळ्याची हकिगत लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रां'त अशा काही विनोदाने सांगितली आहे की, डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू एकदमच येते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने हे पुस्तक लिहिले. माझ्यासारख्या अर्धशिक्षिताला त्याचा फार आधार वाटतो.

टिळकांच्या पूर्वी मराठी ख्रिस्ती मंडळी बहुधा भाषांतरित गीते विलायती चालींवर गात. शब्द मराठी, पण ताल पायाला लागेना. टिळकांनी अभंग आणला, ओवी आणली, कीर्तन आणले. टाळ आणि एकतारी चर्चमध्ये आली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे ते सांगत, आणि 'अभंगांजली' वाचताना ते खरे वाटते. यात केवळ चालींचा बदल नव्हता. माणूस मागतो तेव्हा परक्या भाषेतही मागू शकतो. बाजारात खुणांनीही काम भागते. थक्क मात्र तो आपल्याच भाषेत होतो. ठेच लागली की 'आई गं' तोंडात येते, तसेच नवल पाहिल्यावर 'अहाहा' आपल्या बोलीतच निघते. कॅथलिक चर्चला हे पुढे कितीतरी वर्षांनी मान्य झाले. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लॅटिनबरोबर लोकांच्या भाषेतील उपासनेला वाट मोकळी केली.

टिळकांना मराठी वाचक फुलामुलांचा कवी म्हणून ओळखतात. मला ही ओळख त्यांच्या धर्माची किल्लीच वाटते. येशूने शिष्यांना रानातली फुले आणि आकाशातली पाखरे पाहायला सांगितले. एका मुलाला मधे उभे करून, असे व्हा म्हणून सांगितले. टिळकांनी हे दोन्ही उपदेश अक्षरशः पाळले. रानातल्या, कोणी न पाहिलेल्या फुलापाशी ते थांबतात, मरणाऱ्या पाखरासाठी कळवळतात. बालकवींसारखा निसर्गवेडा कवी अहमदनगरला त्यांच्या घरी मुलासारखा राहिला, हा काही योगायोग नव्हे. ज्या घरात नवल वाटण्याची मुभा असते, तेथे असा मुलगा रमतो. आणि १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही येऊ शकत होते. १९१९ साली ते वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

इथपर्यंत सर्व गोड आहे. पण सभेत बसलेल्या माझ्या सोबत्यांच्या मनात एक आक्षेप केव्हाचा वळवळत असेल, आणि तो टाळला तर मी या व्यासपीठावर उभे राहू नये. आक्षेप असा : पाळीवरून थकून आलेल्या माणसाला, ज्याचा तीन महिन्यांचा पगार अडकला आहे अशा कंत्राटी कामगाराला, तुम्ही आराधनेच्या गोष्टी सांगता? धर्म ही अफू आहे असे मार्क्सने सांगून ठेवले ना? सांगितले खरे. पण त्याच ठिकाणी त्याने धर्माला पिळलेल्या जीवाचा उसासाही म्हटले आहे, हे आपले लोक विसरतात. आणि देवाचे गुणगान हे अन्याय झाकण्याचे पांघरूण होते, हे तर बायबलमधलाच आमोस संदेष्टा मार्क्सच्या किती तरी शतके आधी गरजून सांगतो. गरिबाला तुडवणाऱ्यांची गाणी आणि वाद्ये देवाला नकोशी होतात, त्याला न्याय पाण्यासारखा वाहायला हवा असतो, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे.

तरी खरी अडचण पुढेच आहे. बेथानी गावची गोष्ट आपण ऐकली असेल. येशू जेवायला बसला असता एक स्त्री अत्यंत महाग सुगंधी तेलाची कुपी घेऊन येते, फोडते, आणि सगळे तेल त्याच्यावर ओतते. पाहणारे संतापतात : ही नासाडी कशाला? तीनशे दिनारांहून अधिक किमतीला विकून ते गरिबांना देता आले असते! आता दिनार म्हणजे काय, हे द्राक्षमळ्याच्या दृष्टांतावरून कळते. तो एका मजुराचा एका दिवसाचा रोज. म्हणजे त्या कुपीत एका मजुराची जवळजवळ वर्षाची मजुरी होती! मी तेथे असतो तर मीही हात वर करून आक्षेप घेतला असता. कामगार संघटकाने घ्यायलाच हवा. येशूने मात्र त्या स्त्रीचा पक्ष घेतला. गरीब तुमच्याजवळ नेहमीच आहेत, असे तो म्हणाला. या वाक्याचा पुष्कळांनी सोयीचा अर्थ काढला की, गरिबी राहणारच, उगाच धडपड कशाला. पण ते वाक्य मोशेच्या जुन्या नियमशास्त्राची आठवण देणारे आहे, आणि तेथे त्याचा पुढचा भाग असा की, गरीब आहेत म्हणून तुझा हात उघडा ठेव. गरिबांचे देणे फिटले असे तो म्हणत नाही. ते रोजचेच आहे असे म्हणतो.

मग त्या स्त्रीचे काय? मी या गोष्टीपाशी बरेच दिवस अडलो होतो. मला सापडलेले उत्तर मी आपल्यापुढे ठेवतो, पटले तर घ्या. टीका करणाऱ्यांनी तेलाची किंमत केली. तिने केली नाही. जगात सगळ्याच वस्तूंची किंमत करता येते असे मानणारा माणूस शेवटी माणसाचीही किंमत करतो. आणि आमची सारी लढाई तरी कशासाठी आहे? कामगार म्हणजे अमुक रुपये रोजाचा हात, या हिशेबाविरुद्धच ना? जो कशापुढे तरी हिशेब विसरून उभा राहू शकतो, त्यालाच 'माणसाचा हिशेब करू नका' असे मालकाला छातीठोकपणे सांगता येईल. आराधना आणि मागणी यांचे वैर नाही. आराधना आटली, तर मागणी नुसती दरासाठीची घासाघीस होते.

यालाच जोडून ती सुट्टीची गोष्ट. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले. त्यांच्या मागण्यांत पहिली होती आठवड्याची एक सुट्टी. त्या वेळी गिरणीत आठवडाभर अंधारातून अंधारापर्यंत राबत. लोखंडे सत्यशोधक, त्यांनी रविवार मागितला तो खंडोबाचा वार म्हणून. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मागणी मान्य केली. योग पाहा : ज्या दिवशी ख्रिस्ती माणूस ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचे नवल करायला चर्चमध्ये जातो, तोच दिवस आमच्या माणसाने जेजुरीच्या देवाच्या नावाने मिळवला. शनवार तेल्यांचा बंद घाणा आणि लोखंड्यांचा रविवार ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत. माणूस घाण्याचा बैल नाही, आठवड्यातून एक दिवस त्याला मान वर करून आभाळ पाहण्याचा हक्क आहे. मग तो देवळात जाईल, चर्चमध्ये जाईल, नाहीतर धरमतरच्या खाडीवर जाऊन नुसता बसेल. परंतु ज्याला ती फुरसतच नाही, त्याला विस्मयाचा उपदेश करणे ही थट्टा आहे. म्हणून मी म्हणतो की, कामाचे तास कमी करण्याचा लढा हाही उपासनेच्या बाजूचा लढा आहे. बारा-बारा तासांच्या पाळीत ज्याला जुंपले, त्याची भाकरीच नव्हे, त्याचे आभाळही चोरले जाते.

कोणी म्हणेल, सुट्टीच्या दिवशीच आराधना काय? तसे नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेली मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा आचारी होता. लढाईत पाय अधू झालेला, शिक्षण बेताचे. भांडी घासताना आणि चुलीपाशी राबताना तो देवाच्या सान्निध्यात असे, आणि प्रार्थनेची वेळ व कामाची वेळ यांत त्याला फरक वाटत नसे. आपल्याला हे नवे नाही. अरणच्या सावता माळ्याला मळ्यातल्या भाजीत विठ्ठल दिसला, गोरोबांना चिखल तुडवताना. आपल्या डोलवीत राहणाऱ्याला हे समजायला कठीण जाऊ नये. भट्टीतून लोखंडाचा रस बाहेर पडतो तेव्हा नवा पोरगा हातातले काम विसरून क्षणभर बघतच राहतो. जुने कामगार त्याला हाक मारून भानावर आणतात, आणि ते बरोबरच आहे, तेथे भान सुटले तर जीव जाईल. पण त्या एका क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते मी पुष्कळदा पाहिले आहे. त्या क्षणी तो पगारावर काम करणारा नसतो. सृष्टीच्या आरंभीचा अग्नी पाहणारा पहिला माणूस असतो. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे आखणारा कारागीर श्वास रोखतो, मिठागरात पहिले मीठ धरलेले पाहून आगरी बाई घटकाभर उभी राहते, तेही यातलेच. ख्रिस्ती धर्म सांगतो की, या क्षणाला पत्ता आहे. हे नवल ज्याच्याकडे वळते असा कोणी आहे. ते मानायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. क्षण मात्र खरा आहे, याबद्दल आस्तिक आणि नास्तिक यांचे भांडण होऊ नये.

म्हणून शेवटी माझे सांगणे एवढेच. मागण्या सोडू नका. मागितल्याशिवाय या जगात गरिबाला काही मिळालेले नाही आणि मिळणारही नाही. उद्या सकाळी मी स्वतः एक मागणीपत्र घेऊन जाणार आहे. पण दिवसात थोडा वेळ असा ठेवा की, त्यात काहीही मागायचे नाही. देव मानत असाल तर त्याच्यासमोर, नसाल तर या आभाळासमोर, रिकाम्या हाताने उभे राहा. ज्याने असे उभे राहण्याची सवय ठेवली, तो मालकासमोरही ताठ उभा राहतो, कारण खरे मोठे काय आहे ते त्याने पाहिलेले असते.